1955 सालचा वाडा रंगमंचावर आणायचाय, कुणाला काय नेसवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक हौशी नाट्यसंस्था नवं नाटक बसवते आहे. काळ 1955, जागा पुण्यात सदाशिव पेठेतला वाडा. घरात विधवा आजी, सासू, कॉलेजात जाणारी आणि चित्रं काढणारी सून, अकरा वर्षांची नणंद, शिवाय दोन प्रवेशांपुरती येणारी भांडीवाली. विचारणाऱ्या ताईंना कमी खर्चात 'फिफ्टीज लुक' हवाय. नूतन-नर्गिसचे फोटो पाहून ब्लाउज शिवले तर चालेल का, आणि भांडीवालीला 'कुठलंही जुनं लुगडं' दिलं तर चालेल ना, असं त्या विचारतात.

दोन्ही चालणार नाही. का ते सांगते, पण आधी माझीच फजिती ऐका.

वेशभूषेचं काम करायला लागले तेव्हाची गोष्ट. माझं दुसरंच नाटक, काळ साधारण हाच. मी हौसेनं सगळ्या बायकांना जुन्या काठाच्या पाचवारी साड्या नेसवल्या. रंग जुने, काठ जुने, ब्लाउजच्या बाह्या अगदी मोजून कोपरापर्यंत. प्रयोगानंतर एक ऐंशीच्या घरातल्या आजी काठी टेकत विंगेत आल्या आणि म्हणाल्या, "साड्या छान आणल्यात हो. पण ती सासू सोवळ्यात गोल नेसून वरणाला फोडणी घालत होती, ते बघितलं आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही."

'गोल' म्हणजे काष्टा न घालता नेसलेलं पाचवारी पातळ. तेव्हाच्या बायका पाचवारी किंवा साडी हे शब्द फारसे वापरत नसत. "ती आता गोल नेसते" एवढं म्हटलं की गल्लीला सगळं कळायचं. त्या आजींनी मला जे शिकवलं त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. त्या दशकात बाईच्या अंगावर काय आहे हे साल ठरवत नव्हतं. तिचं वय, दिवसाचा प्रहर आणि समोर कोण बसलंय, यावर ते ठरायचं. एकच सून सकाळी स्वयंपाकघरात नऊवारीत, अकरा वाजता कॉलेजात गोल पातळात, आणि मंगळागौरीला पुन्हा नऊवारीत. तुमच्या नाटकात या सुनेचं पातळ दोनदा तरी बदललं पाहिजे. संहितेत नसेल तर लेखकाला सांगून घाला. तो अर्धा प्रवेश तुम्हाला फुकट मिळेल.

आजीपासून सुरू करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 1955 मध्ये सत्तरीच्या आसपास असलेली ब्राह्मण घरातली बाई तरुणपणी विधवा झाली असेल, तर ती आलवणात असण्याची शक्यता खूप. आलवण म्हणजे बिनकाठाचं, लाल-तांबूस सुती लुगडं. पदर डोक्यावरून घट्ट, कारण खाली केस नाहीत. चोळी नाही. हल्ली नाटकवाले आजीला पांढरी साडी आणि पांढऱ्या केसांचा विग देतात. तो विग तिच्या पुढच्या पिढीचा. केशवपनाची चाल तोवर तरुण विधवांमधून जवळजवळ गेली होती, पण जिचे केस चाळीस वर्षांपूर्वी गेले ती बाई अजून माजघरात जप करत बसलेली होतीच. तुमच्या नटीला आलवण नको वाटत असेल तर तिच्याशी बोला, पण तो लाल रंग टाळू नका. प्रेक्षकातल्या तरुण मुलांना वाटेल ही आजी रंगीत नेसलीय, म्हणजे मजेत आहे. मग सासूच्या एका वाक्यात त्यांना कळू द्या.

सासू पंचेचाळीस-पन्नासची. ती नऊवारीतच. वार म्हणजे 36 इंच, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याला परकर लागत नाही, नाडी नाही, पिन नाही. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मागे काष्टा, आणि ओच्याचा फुगवटा. सुट्टे पैसे कनवटीला. ही बाई उकिडवी बसू शकते, विहिरीवर पाणी शेंदू शकते, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू शकते. म्हणून कृपा करून तिला बाजारात मिळणारी शिवलेली नऊवारी घालू नका. इलॅस्टिकची तयार नऊवारी चढवली की नटी पँट घातल्यासारखी चालते, आणि काष्टा सोडण्या-खोचण्याच्या ज्या शंभर हालचाली आहेत त्या सगळ्या जातात. तालमीच्या पहिल्या दिवसापासून तिला खरं लुगडं नेसायला लावा. पंधरा दिवसांत तिची चालच बदलेल.

सोवळ्याचं वेगळं. धुऊन उंच वलणीवर काठीनं टाकलेलं लुगडं, ज्याला पोरांनी शिवायचं नाही. रंगमंचावर ती वलणी आणि ती काठी नेपथ्यवाल्याकडून मागून घ्या. कपड्यांइतकीच ती काळ सांगते.

आता सून. पाचवारी मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या बायकांत युद्धाच्या आधीपासूनच होती. युद्धकाळात कापडाची टंचाई आली, रेशनिंग आलं, तेव्हा नवापेक्षा पाच वार हा सरळ हिशेबाचाही प्रश्न झाला. तरी घरोघर तो वाद चाललाच. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं हे नीट समजून घ्या, नाहीतर सासू नुसती खाष्ट दिसेल. काष्टा हा सौभाग्यवतीच्या नेसण्याचा भाग, धर्मकार्याला विकच्छ, म्हणजे काष्ट्याविना, नेसून बसायचं नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू कुणी बोलून दाखवत नसे. सून गोल नेसायला लागली म्हणजे तिला बाहेर काम आहे, तिचा दिवस आता आपल्या हातात नाही. सासूचा खरा राग त्यावर.

त्या पातळाची उंचीही लक्षात ठेवा. आजच्यासारखं जमिनीवर लोळणारं नाही, घोट्याच्या वर. बसला धावायचं असतं, सायकलही असते, आणि तेव्हाचं पुणं सायकलींचंच. पदर आखूड. निऱ्यांसारख्या घड्या घालून खांद्यावर पिनेनं टाचलेला पदर ही आजची सवय, ती नको. पदर मोकळा, मोठ्यांसमोर तो दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, आणि कामाला लागलं की कमरेला खोचलेला. ब्लाउज लांब, कमरेपर्यंत येणारा, पुढून हूक किंवा बटणं. फुग्याच्या बाह्या थोड्या आधीच्या. 1955 पर्यंत बाही साधी, दंडाला बसणारी. कित्येक घरांत ब्लाउजला अजून झंपरच म्हणत. आतल्या कपड्याचं नाव बॉडी. तीसुद्धा घरच्या मशीनवर शिवलेली, त्यामुळे आजच्या अंतर्वस्त्रांवर तो ब्लाउज कधीच तसा बसणार नाही. हे लाजायचं काम नाही, नटीशी स्पष्ट बोला.

शिक्षणाबद्दल संवादांत एक गफलत नेहमी सापडते. सुनेला 'बारावी पास' म्हणू नका. दहावी-बारावीची रचना सत्तरच्या दशकातली. तेव्हा एस.एस.सी. अकरावीला, आणि ती परीक्षा 1949 पासून सुरू झालेली असली तरी म्हणायचे सगळे 'मॅट्रिक'च. पुढे इंटर, मग बी.ए. प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हायचं तर सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पुरे. 'फायनल झालेली' हा लग्नाच्या बाजारातला वजनदार शब्द होता. तुमची सून चित्रं काढते, तर तिनं शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असणार. एका वाक्यात तसं म्हणू द्या.

कॉलेज कुठलं दाखवायचं हे तुम्ही ठरवलेलं नाही. फर्ग्युसन किंवा एस.पी. घेतलंत तर मुलांबरोबरचे वर्ग. तिथे शिकलेल्या कितीतरी बायकांकडून ऐकलंय की तासाआधी मुली लेडीज रूममध्ये थांबायच्या आणि सरांच्या मागोमाग वर्गात शिरून पुढच्या बाकांवर बसायच्या. मी मात्र या सुनेला कर्व्यांच्या कॉलेजात घातलं असतं. अण्णासाहेबांनी 1916 मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाला, म्हणजे एस.एन.डी.टी.ला, 1951 मध्ये कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिक्षण मातृभाषेतून, आणि बाहेरून परीक्षेला बसायची सोय. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या मुलींना ही सोय मोठी होती. शिवाय 1955 हेच साल कर्व्यांना पद्मविभूषण मिळाल्याचं. भारतरत्न तीन वर्षांनी, वयाची शंभरी झाल्यावर. सासरे वर्तमानपत्रातून ती बातमी वाचताहेत आणि सासू पलीकडून काही बोलत नाही, एवढं पुरेल. पण हे सगळं शहरातल्या, वरच्या थरातल्या मुलींचं, याचं भान सुटू देऊ नका. 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊजणींना लिहिता-वाचता येत होतं.

सुनेच्या मनगटावर घड्याळ दाखवायची कल्पना चांगली आहे, पण एच.एम.टी. नको. त्या कारखान्यातली घड्याळं 1961 पासूनची. जुनं स्विस घड्याळ कुणाच्या तरी कपाटात असतंच. तसंच पैशांचं. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, म्हणून तुमच्या घरात हिशेब रुपये-आणे-पैचाच. कापडही वारावरच मोजायचं, मीटरवर नाही. कापडवाल्याचा प्रवेश आहे म्हणालात, तर त्याच्या हातात वाराचा गज द्या.

कापडाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण खर्च तिथेच होतो आणि वाचतोही तिथेच. रोजचं पातळ गिरणीचं, सुती. नायलॉन या घरात नको. दशकाच्या शेवटी त्याची हवा आली, पण ती श्रीमंतांच्या आणि परदेशातून कुणी येणाऱ्यांच्या घरात. आज दुकानात 'कॉटन' म्हणून जे मिळतं त्यात भेसळ असते आणि ते अंगाला चिकटून खाली ओघळतं. तेव्हाचं सुती पातळ उभं राहायचं, कारण त्याला खळ असायची. भाताच्या पेजेची खळ करा, गाळून घ्या, पातळ त्यातून काढा, दोघींनी चार टोकं धरून झटका आणि ताणून वाळवा. अर्धं ओलं असतानाच घडी घालून गादीखाली ठेवा. इस्त्री नसलेल्या घरात तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे, ते दृश्य रंगमंचावर आणता आलं तर बघा. निखारे खरे नकोत, सांगायला हवं असं नाही. खळीच्या पातळाला आवाज असतो. सून रागानं वळली की तो पहिल्या तीन रांगांना ऐकू जातो. तो आवाज मी कुठल्याही पार्श्वसंगीतापेक्षा वरचा मानते.

सणासुदीला इरकली, नारायणपेठी, इंदुरी, महेश्वरी यांतलं काहीही चालेल. इरकलीला 'परप्रांतीय' समजू नका. इलकल तेव्हा विजापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यातच होतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेलं. संक्रांतीला चंद्रकळा. पैठणी मात्र आवरा. हल्ली जुना काळ म्हटला की प्रत्येकीच्या खांद्यावर मोठे मोर बसलेले दिसतात. त्या काळात पैठणी विणणारे हात फार थोडे उरले होते, आणि मध्यमवर्गीय घरात पैठणी असलीच तर ती आजेसासूची, ट्रंकेच्या तळाशी, जरीच्या घड्या विरलेली. अशी खरी जुनी कुणी दिली तर ती कापू नका, नेसवूही नका. ट्रंक उघडून दाखवा आणि बंद करा.

आता नूतन आणि नर्गिस. फॅशन त्या दशकात सिनेमातूनच आली, हे खरं. ती कशी आली याची गोष्ट तुमच्या सुनेशी थेट जुळते. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. पोटासाठी त्या इंग्रजी महिला-साप्ताहिकात, 'ईव्ह्ज वीकली'त, फॅशनची रेखाटनं करायच्या. त्यातून कपडे शिवायला लागल्या, नट्या त्यांच्याकडे येऊ लागल्या, आणि 1956 च्या 'सी.आय.डी.'पासून सिनेमाच्या वेशभूषेत त्यांचं नाव लागलं. याच भानू अथैया. पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. आम्ही वेशभूषेवाले त्यांचं नाव घेताना कानाला हात लावतो. त्याच सुमाराला नागपूरहून आलेल्या बी. प्रभाही जे.जे.मध्ये शिकत होत्या. पुढे उंच, सडसडीत, लांब मानेच्या गावाकडच्या बायका आणि कोळणी त्यांच्या चित्रांतून आल्या. म्हणजे तुमच्या सुनेला जे.जे.ला जायचंय हे 1955 मध्ये स्वप्नरंजन नव्हतं. पुण्याच्या वाड्यातून ते अवघड होतं, इतकंच.

पण सिनेमातले ब्लाउज जसेच्या तसे उचलू नका. सिनेमातली फॅशन पेठेत यायची ती शिंप्याच्या अंदाजानं आणि सासूच्या कात्रीतून. गळा दोन बोटं वर, बाही चार बोटं लांब. सुनेनं पोस्टर पाहून काढलेलं रेखाटन आणि प्रत्यक्ष शिवून आलेला ब्लाउज, यांतला फरक प्रेक्षकांना दिसू द्या. आणि नर्गिसची ती प्रसिद्ध पांढरी साडी? पेठेतल्या सवाष्णीनं पांढरं नेसून दारात उभं राहणं म्हणजे काय, हे तुमच्या आजीला विचारा. मी असते तर सुनेला एकदा हौसेनं बारीक काठाचं पांढरं पातळ नेसवलं असतं आणि सासूला काही न बोलता कुंकवाचा करंडा आणायला आत पाठवलं असतं.

या रंगावरून भांडीवालीकडे येते. 'कुठलंही जुनं लुगडं' या तुमच्या शब्दांवर मी थबकले, कारण नेसण्याच्या पद्धतीवरून जात कळायची असा तो समाज होता. काष्टा कसा, लुगडं पोटरीवर किती चढलेलं, दागिना चांदीचा, कथलाचा की सोन्याचा, यावरून दुरून ओळखायचे. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या बायकांना हेच सांगितलं होतं, की अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं नेसणं आणि तसले दागिने टाकून द्या. ते ऐकून बायकांनी नेसणं बदललं. तेव्हा तुमची भांडीवाली कोण आहे हे लेखकानं ठरवलंय का? कुणबी, मराठा घरातली असेल तर तिचं नेसणं सासूपेक्षा वेगळं, आखूड आणि घट्ट. दलित वस्तीतून येत असेल तर 1955 मध्ये तिचं लुगडं नीट घोट्यापर्यंत असू शकतं, आणि सासूला ते खुपूही शकतं. तुमच्या नाटकाच्या पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेला बायका पांढऱ्या साड्या नेसून जमल्या. तोच पांढरा रंग, पेठेत ज्याची धास्ती. नाटकात हे सांगायची गरज नाही, पण वेशभूषा करणाऱ्याच्या डोक्यात असायला हवं.

संदर्भासाठी तुम्ही दिवाळी अंकांची मुखपृष्ठं जमवलीत ते पाहिलं. दलालांची आणि मुळगावकरांची चित्रं डोळ्यांना सुख देतात, पण त्यांवर वेशभूषा बेतू नका. त्या बायका कुणाच्याच घरात नव्हत्या. लग्नाचे फोटोही फसवतात, तिथे सगळं उसनं आणि ठेवणीतलं. शाळा-कॉलेजच्या वर्गाचे फोटो शोधा. चाळीस मुली, चाळीस बाह्या, काही झंपर उसवलेले. कृष्णधवल फोटोत लाल रंग बऱ्याचदा काळा येतो, म्हणून काळं दिसतंय ते लुगडं लाल असू शकतं. हातानं रंगवलेल्या फोटोंवर तर मुळीच विसंबू नका, रंगवणाऱ्याला जो रंग हाताशी होता तो तिथे आहे. नदीकाठच्या पेठांमधल्या घरांत 1961 च्या आधीचं फारसं मिळणार नाही. पानशेतच्या पुरात ट्रंका गेल्या. त्या भागातल्या घरांतून दोनदा रिकाम्या हातानं परत आल्यावर मला हे कळलं.

बारीकसारीक: मराठी बाईच्या भांगात सिंदूर नाही, तो हिंदी सिनेमाचा. कपाळावर मेण लावून त्यावर कोरडं कुंकू; चिकटवायच्या टिकल्या नंतरच्या. सासूचं कुंकू मोठं, सुनेचं लहान. हातात काचेच्या बांगड्या हव्यातच, सोन्याच्या पाटल्या असल्या तरी. कानात मोत्याच्या कुड्या. सासूचा अंबाडा, त्यावर फूल रोज नाही. सुनेची एक सैल वेणी किंवा मानेवर उतरता अंबाडा. लिपस्टिक नाही. लॅक्मे 1952 मध्ये निघालं होतं, पण ते या उंबऱ्याच्या आत आलं तर त्यावर स्वतंत्र नाटक होईल. फार तर अफगाण स्नोची बाटली फणेरपेटीशेजारी.

राहिली नणंद. तिला तुम्ही फ्रॉक दिलाय, मी परकर-पोलकं दिलं असतं, खणाचं. फ्रॉक त्या घरात असतो, शाळेत आणि खेळायला. पण अकरावं वर्ष हे असं, की फ्रॉक आखूड व्हायला लागलाय आणि आई त्याला खालून वेगळ्या कापडाची पट्टी जोडतेय. पहिल्या अंकात फ्रॉक, दुसऱ्या अंकात त्याच फ्रॉकला पट्टी, तिसऱ्यात परकर. पट्टी सासूच्या जुन्या लुगड्याच्या काठाची घ्या. खर्च शून्य.